आजचा आकडा आणि परवाचा आकडा

हैदराबादच्या चिक्कडपल्लीपासून गांधी हॉस्पिटल जवळ आणि नल्लकुंट्याचं ‘फीव्हर हॉस्पिटल’ही जवळ. या दुसऱ्याला रोनाल्ड रॉस यांचं नाव आहे. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी त्यांना दिसला तो १८९७ साली, शेजारच्या सिकंदराबादेतच. पावसाळा लागला की इथे तापाच्या पेशंटची रीघ लागते. बहुतेक बरे होऊन घरी जातात. काहींचा ताप सेप्सिसवर जातो, आणि मग आयसीयूच्या दाराशी नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो : वाचेल ना, डॉक्टर?

सेप्सिसमध्ये जंतूंशी लढताना शरीराची संरक्षणयंत्रणाच ताळतंत्र सोडते. रक्तवाहिन्या सैलावतात, पाझरू लागतात, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. जंतू जिथे पोचलेलेही नसतात, तिथले अवयव बंद पडू लागतात. २०१७ या एका वर्षात जगभरात यात सुमारे १ कोटी १० लाख माणसं दगावली, असा अंदाज आहे.

अवयवांची ही पडझड मोजायला ‘सोफा स्कोअर’ आहे. युरोपातल्या तज्ज्ञांनी १९९४ साली पॅरिसमध्ये तो ठरवला, १९९६ मध्ये छापला. फुफ्फुस, रक्त गोठणं, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू, मूत्रपिंड या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण. जितके जास्त, तितकी प्रकृती वाईट. समजा, पेशंटच्या प्लेटलेट्स ९० हजार, क्रिएटिनिन २.४, बिलिरुबिन २.२ : प्रत्येकी २ गुण. थोडा बरळतोय, १ गुण. ऑक्सिजन आणि रक्तदाब ठीक असले तरी बेरीज ७ झाली. संसर्गामुळे हा आकडा नेहमीपेक्षा २ ने वाढला, तरी रुग्णालयात मृत्यूची शक्यता साधारण १० टक्के धरतात. २०१६ पासून सेप्सिसची व्याख्याच या २ गुणांवर उभी आहे.

पण एका दिवसाच्या आकड्यावर मी विसंबणार नाही. ब्रसेल्सच्या आयसीयूतल्या ३५२ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या ९६ तासांत ज्यांचा स्कोअर चढला, त्यांच्यापैकी निम्मे तरी दगावले, मग सुरुवातीचा आकडा काहीही असो. ज्यांचा उतरला, त्यांच्यात हे प्रमाण २७ टक्क्यांहून कमी होतं. ‘दोन-चार दिवस जाऊ द्या’ असं डॉक्टर म्हणतात ती टाळाटाळ नसते. उपचारांना अवयव साथ देतात का, हे त्याआधी कळतच नाही.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. डेंग्यूत प्लेटलेट्स एरवीही झपाट्याने घसरतात, मलेरियात तांबड्या पेशी फुटून कावीळ दिसते. गुण वाढतात, पण त्यामागची कारणं वेगळी असतात, म्हणून बेरीज रोगाच्या संदर्भातच वाचावी लागते. करोनाकाळात तर व्हेंटिलेटर कोणाला द्यायचा हे सोफावरून ठरवावं, अशी सूचना काही देशांत पुढे आली. अमेरिकेतल्या करोना रुग्णांवर तपासलं, तेव्हा मृत्यूचं भाकीत करण्यात नुसतं वयही त्याच्यापेक्षा सरस ठरलं. शंभर जणांबद्दल जे बोलतं, ते समोरच्या एकाचा निकाल लावायला वापरणं मला अन्यायाचं वाटतं.

स्कोअरचा खरा उपयोग बिघाड वेळेत ओळखण्यात आहे, आणि त्यातल्या काही गोष्टी घरच्यांनाच आधी दिसतात. तापाच्या माणसाला घेऊन जाताना श्वास कधीपासून वाढलाय, बरळणं केव्हा सुरू झालं, शेवटची लघवी किती वाजता झाली, हे डॉक्टरांना न विचारताच सांगा.