बदकाच्या पिल्लाची ऊब

"सर, बदकाचे पिल्लू पाण्यामुळे कसे मरेल?"

जानेवारीतल्या एका थंड सकाळी आठवीतील एका मुलाने मला हा प्रश्न विचारला. त्याच्या हातात बुटांचे खोके होते. खोक्यात चिंध्यांवर एक पिवळे पिल्लू थरथरत बसले होते. त्याच्यासोबतचे दुसरे पिल्लू आदल्या संध्याकाळी मेले होते.

हकिकत अशी होती. जुन्या नाशकात राहणाऱ्या त्याच्या नानीने खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली होती. कोंबडीच्या अंड्यांतून २१ दिवसांत पिल्ले निघतात, बदकाच्या अंड्यांना सुमारे २८ दिवस लागतात. बिचारी कोंबडी आठवडाभर जास्त बसली! पण ही वेगळीच पिल्ले पाहून ती त्यांना टोचू लागली. म्हणून नानीने त्यांना खोक्यात ठेवले. तिसऱ्या दिवशी मुलाने हौसेने दोघांना पाण्याच्या टबात सोडले. ती मजेत पोहली. थोड्या वेळाने मात्र ती चिंब भिजली आणि गारठली.

उर्दूत आपण ज्याला बतख म्हणतो, तेच मराठीतले बदक. त्याच्या पिल्लाच्या अंगावर खरी पिसे नसतात, मऊ लव असते. लवेत हवा अडकून राहते आणि त्या हवेमुळे अंगाची ऊब टिकते. लव भिजली की ती अंगाला चिकटते व हवा निघून जाते. थंडीत ओली रजई पांघरल्यासारखेच ते होते.

मग तळ्यातली पिल्ले कशी पोहतात? निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर येथे हळदी-कुंकू नावाचे बदक दिसते. चोचीवरच्या पिवळ्या आणि लाल रंगामुळे त्याला हे सुंदर नाव मिळाले. त्याची पिल्ले एक-दोन दिवसांतच आईमागे पाण्यात उतरतात. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. चोचीने ते तेल बदक आपल्या पिसांना लावते. आई पिल्लांना पोटाखाली घेते तेव्हा ते लवेलाही लागते. शिवाय पाण्यातून आल्यावर आईची ऊब असतेच. नानीच्या पिल्लांना यातले काहीच मिळाले नव्हते. (अशी रानातली पिल्ले मात्र घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे.)

आई नसेल तर ऊब आपण द्यायची. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात एका बाजूला तारेचा जुना पिवळा दिवा टांगावा. लहान खोक्याला ६० वॅटचा पुरतो. एलईडी दिवा चालत नाही, कारण तो उजेड देतो, पण ऊब जवळजवळ देत नाही. दिवा पुठ्ठ्याला टेकू देऊ नका, आग लागेल. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३२ अंश सेल्सियस तापमान हवे. पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी कमी करावे. तापमापक नसला तरी पिल्लू स्वतःच सांगते. दिव्याखाली अंग चोरून ओरडू लागले, तर त्याला थंडी वाजते. दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागले, तर दिवा वर घ्या. वीज गेली, तर बाटलीत गरम पाणी भरून, कापडात गुंडाळून जवळ ठेवावी.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरून फाकतात. गोणपाट किंवा भाताचे तूस घाला आणि ओले झाले की बदला. बदक पाणी सांडल्याशिवाय राहत नाही, हे काम रोजचेच! पाण्याचे भांडे दिव्यापासून दूर असावे. त्यात डोळे व नाकपुड्या धुता येतील इतके पाणी हवे, पण गोटे टाकून ठेवावेत, म्हणजे पिल्लाला आत बसता येणार नाही. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड कधीही देऊ नका. तिच्यातील विष बदकांना फार लवकर बाधते.

आम्ही त्या पिल्लाला टॉवेलने हळूच टिपले. साबण लावला नाही, कारण साबणाने उरलेसुरले तेलही जाते. प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली तासाभरात त्याची लव फुलली. दुपारी त्याने पाणी मागितले, म्हणजे मोठ्याने ओरडून सगळा वर्ग डोक्यावर घेतला.

मार्चमध्ये मुलगा पुन्हा आला. पिल्लाच्या पाठीवर पांढरी पिसे आली होती. "सर, आता ते टबातून बाहेरच येत नाही," तो म्हणाला, "नानी कपडे कशात धुणार?"