तीनशेचा आकडा

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा अशी वस्त्यांची नावे आहेत. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती उठली, नावे राहिली. उलट, त्या कंटिंजंटचे पायदळ नावे बदलत टिकून राहिले. आजच्या कुमाऊं रेजिमेंटची मुळे त्यात आहेत. लष्करात माणसे निवृत्त होतात, शस्त्रे मोडीत निघतात, मग पुढे जाते ते नेमके काय? या प्रश्नाच्या मागे लागून समुद्र नसलेल्या जिल्ह्यातला मी नौदलाच्या एका स्क्वाड्रनपर्यंत पोहोचलो.

तिचा क्रमांक ३००, टोपणनाव ‘व्हाइट टायगर्स’. जुलै १९६० मध्ये वेल्समधील ब्रॉडीच्या तळावर ती स्थापन झाली. पुढे गोव्यातला दाबोळीचा ‘आयएनएस हंस’ हा तळ तिचे घर झाला. तेव्हापासून आजवर तिने तीन लढाऊ विमाने वापरली: सी हॉक, सी हॅरियर आणि मिग-२९के. पण विमानवाहू नौकेवरचे विमान एकटे कधीच बदलत नाही. त्याच्याबरोबर नौका बदलावी लागते, आणि वैमानिकाच्या हातापायांची सवयही.

सी हॉक हे एका इंजिनाचे, एका वैमानिकाचे, भरल्या वजनी सुमारे ७ टनांचे ब्रिटिश जेट. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली आणि १८ मे रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिले जेट उतरवले. हेच ताहिलियानी १९८४ मध्ये नौदलप्रमुख झाले. शेतात पाखरे हाकायला गोफण असते, तशी विक्रांतवर वाफेच्या जोरावर चालणारी गोफण होती. ती विमानाला क्षणात उडण्याइतका वेग देई. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला पाहिजे. न अडकल्यास पुन्हा उडता यावे म्हणून वैमानिक चाके टेकताच इंजिनाचा जोर वाढवतो. थांबायचे असते तेव्हाच वेग वाढवायचा, ही सवय अंगात मुरायला फार सराव लागतो.

१९७१ च्या युद्धात विक्रांतच्या बॉयलरला तडे गेलेले होते आणि वेग कमी झाला होता. नौका वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जितकी वेगात धावेल तितके उड्डाण सोपे, म्हणून ही मोठीच अडचण. तरीही ४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर आणि नंतर चितगावच्या बंदरावर हल्ले केले. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले.

डिसेंबर १९८३ मध्ये सी हॅरियर आले. २० डिसेंबरला अरुण प्रकाश यांनी ते विक्रांतवर उतरवले. हेही पुढे नौदलप्रमुख झाले. या विमानाच्या इंजिनाचा झोत चार तोंडांतून खाली वळवता येई. त्यामुळे ते हवेत थांबून अलगद खाली येई. तार नको, आकडा नको. उड्डाणासाठी डेकच्या टोकाला वर वळलेला चढ पुरे. १९८७ मध्ये दाखल झालेल्या ‘विराट’वर तो होताच, आणि विक्रांतवरची गोफण काढून तिथेही तसाच चढ बसवला गेला. विमानात रडार आणि हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे असल्याने स्क्वाड्रनचे कामही बदलले. मात्र हे विमान हाताळायला अवघड. अपघातांत विमाने गेली, वैमानिकही गेले, आणि शेवटी मोजकीच विमाने उरली.

या काळात आणखी एक गोष्ट गेली, जी कुठल्या नोंदवहीत ‘तूट’ म्हणून लिहिली जात नाही. सुमारे पंचवीस वर्षे भारताच्या कुठल्याही नौकेवर तार नव्हती. तार पकडणारी पिढी निवृत्त होत गेली. मग नोव्हेंबर २०१३ मध्ये रशियात ‘विक्रमादित्य’ दाखल झाली, आणि तिच्यावरच्या मिग-२९के विमानाला पुन्हा आकडा होता! चढावरून उडायचे, तारेत अडकून थांबायचे. भरल्या वजनी २४ टनांच्या या विमानासाठी भारतीय वैमानिकांना अमेरिकेत पाठवून तार पकडण्याचे शिक्षण द्यावे लागले. ‘हंस’वर जमिनीवरच चढ आणि तारा बांधून सरावाची सोय करावी लागली. ११ मे २०१६ रोजी गोव्यात ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने सी हॅरियरला निरोप दिला आणि मिग स्वीकारले.

बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि सी हॅरियर दोन्ही पाहायला मिळतात. आधी सी हॉकच्या शेपटीखाली पाहावे, मग सी हॅरियरच्या. एकाला आकडा आहे, दुसऱ्याला नाही. मधल्या काळात काय सुटले ते तिथे कळते.

एप्रिल २०२५ मध्ये भारताने फ्रान्सशी २६ राफेल-एम विमानांचा करार केला. त्यांनाही आकडा आहे, आणि चढावरून उडण्याची त्यांची चाचणी ‘हंस’वर आधीच झाली आहे. या वेळी तार पकडायला शिकवणारे लोक नोकरीत आहेत. विमान पैसे मोजून आणता येते. हाताची सवय मात्र एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या शेजारी बसूनच द्यावी लागते. स्क्वाड्रनचा क्रमांक टिकवण्याला अर्थ आहे तो एवढ्यासाठीच.