सांपाचें भय आणि सेवाग्रामचा चिमटा

वर्ध्यानजीक सेवाग्रामच्या आश्रमांत सांप धरण्याचा एक चिमटा व पिंजरा जपून ठेविलेला आहे. १९३६ सालीं महात्माजी तेथें राहावयास आले, तेव्हां सभोंवार शेतें व माळ, विंचूसांप नित्याचेच. सांप मारावयाचा नाहीं, चिमट्यानें धरून दूर सोडावयाचा, हा तेथील प्रघात. आणि हेच गृहस्थ बालपणीं सांप, चोर व भुतें यांच्या भयानें रात्रीं दिव्यावांचून झोंपूं शकत नसत, असें त्यांनींच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे!

सांपास जपणें हा शहाणपणा होय. परंतु सांपाचें नुसतें चित्र पाहून जिचे हातपाय गार पडतात, तिन्हीसांजेस अंगणांत उतरणें जिला अशक्य होतें, तिचें भय हा भयगंड होय. अशा वेळीं आपल्या एकत्र कुटुंबांत काय घडतें? कोणी हंसतें, कोणी मायेनें म्हणतें, "राहूं दे मुली, तुळशीपाशीं दिवा मीच लावीन." ही माया थट्टेइतकीच अपायकारक ठरते. टाळल्यानें क्षणभर बरें वाटतें, आणि त्यामुळेंच मनास पटतें कीं संकट खरेंच होतें!

अमेरिकेंत मेरी कव्हर जोन्स यांनीं १९२४ मध्यें यावरील मार्ग दाखविला. सशास भिणाऱ्या पीटर नांवाच्या बालकास खाऊ देत देत त्यांनीं ससा हळूहळू जवळ आणला. अखेर तो त्यास कुरवाळूं लागला. पुढें या पायऱ्यांस विचारांच्या परीक्षणाची जोड मिळाली. 'मला हें सोसवणारच नाहीं' ही समजूत विवेकावर घासून पाहावयाची. अल्बर्ट एलिस यांची या वळणाची उपचारपद्धति महाराष्ट्रांत कि. मो. फडके यांनीं रुजविली.

आतां यंत्रहि साह्यास आलें आहे. उंचीच्या भयावर आभासी दृश्यें वापरल्याचा प्रयोग अमेरिकेंत १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. डोळ्यांवर पेटीवजा चष्मा चढविला कीं रुग्ण उंच सज्जांत उभा! छाती धडधडते, तरी तो तेथेंच थांबतो, आणि धडधड आपोआप ओसरते. जिवंत सांप दवाखान्यांत कोण आणणार? आभासी सांप मात्र हवा तेव्हां आणतां येतो, हवा तेव्हां थांबवितां येतो. तथापि गुण येतो तो यंत्रानें नव्हे, पायरीपायरीनें सामोरें गेल्यानें.

सेवाग्रामांत १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें मानसोपचाराचा विभागहि आहे. भय संसार अडवूं लागल्यास अशा तज्ज्ञांकडे जाण्यांत कसला कमीपणा? घरच्यांनीं मात्र सुनेस हंसूं नये, तिच्याऐवजीं दिवाहि लावूं नये. विजेरी घेऊन आज तिच्यासवें पायरीपर्यंत जावें, उद्यां अंगणाच्या मध्यापर्यंत. तुळस कांहीं फार दूर नाहीं.