दिवाणखान्यातला संगणक: कुठे खर्च करावा, कुठे हात आखडावा?

सुट्टीत शेजारीपाजारी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे आणि एका रात्रीत तीन-तीन सिनेमे पाहायचे, तो काळ अनेकांना आठवत असेल. पुढे घरोघरी लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या कॅसेट निघाल्या. त्यातल्या कित्येक आजही कपाटात आहेत, पण त्या लावायला यंत्र नाही. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. दमट हवेत, विशेषतः किनारपट्टीवर, कॅसेटच्या फितीला बुरशी लागते ती वेगळीच.

ज्यांनी त्या वेळीच डिजिटल करून घेतल्या, त्यांच्याकडेही एक सोहळा पेनड्राइव्हवर, दुसरा लॅपटॉपमध्ये, तिसरा मुलाच्या मोबाइलवर अशी स्थिती असते. हे सारे एका जागी ठेवून टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर दाखवतो तो होम थिएटर संगणक. तो स्वस्तात उभा करता येतो. अट एकच: सुटे भाग घराच्या गरजेने निवडायचे, दुकानातल्या झगमगाटाने नव्हे.

आधी गरज तपासा

फक्त मालिका आणि ओटीटीवरचे चित्रपट पाहायचे असतील, तर संगणकाच्या फंदात पडू नये. टीव्हीला मागून लावायची छोटी स्टिक पुरते. शिवाय अनेक सशुल्क सेवा संगणकाच्या ब्राउझरवर चित्राची प्रत कमीच ठेवतात. मात्र घरचा मोठा संग्रह असेल, परदेशातल्या लेकीशी सगळ्यांना एकत्र बसून मोठ्या पडद्यावर बोलायचे असेल, तर संगणकाचे पैसे वसूल होतात.

वेग नको, उलगडण्याची सोय हवी

चित्रफीत साठवताना ती दाबून लहान केलेली असते. पाहताना ती उलगडावी लागते. हे काम प्रोसेसरमधला खास त्यासाठीच बनवलेला भाग करतो, तेव्हा यंत्र थंड आणि शांत राहते. तो भाग नसेल, तर महागडा प्रोसेसरही धापा टाकतो आणि चित्र अडखळते.

म्हणून दुकानदाराला वेग विचारण्याआधी विचारावे की ‘एचईव्हीसी’ आणि ‘एव्ही१’ या दोन्ही पद्धती प्रोसेसर स्वतः उलगडतो का? इंटेलच्या सातव्या पिढीपासून दहा बिटांच्या एचईव्हीसीची, तर अकराव्या पिढीपासून एव्ही१ची सोय आहे. पिढी ओळखणे सोपे असते: आय-५ ७५०० मधला ७ म्हणजे सातवी आणि ११४०० मधले ११ म्हणजे अकरावी. २०२३ साली आलेला इंटेलचा एन-१०० हा साधा, अवघ्या ६ वॅटच्या श्रेणीतला प्रोसेसर ही दोन्ही कामे करतो.

एक सापळा मात्र टाळावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात चित्र दाखवणारा भागच नसतो. तो थोडा स्वस्त पडतो, पण मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते आणि चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला होतो. चित्रपट पाहण्यासाठी एरवी असे कार्ड लागत नाही.

जुने ते सोने, पण पारखून

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांत कार्यालयांतून निघालेले छोटे संगणक मिळतात. कमी खर्चात काम भागवायचे तर हा मार्ग चांगला. जाताना एक फोर-के चित्रफीत पेनड्राइव्हवर न्यावी आणि दुकानातच लावून पाहावी. त्या वेळी प्रोसेसरवरचा भार शंभर टक्क्यांच्या घरात जात असेल, तर ते यंत्र आपल्या कामाचे नाही.

मागची भोकेही पाहावीत. जुन्या यंत्रांतला एचडीएमआय बहुधा १.४ प्रतीचा असतो. तो फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतो. सिनेमाला ते चालते, क्रिकेटला झटके जाणवतात. ६० हवे असतील तर एचडीएमआय २.० लागतो. टीव्ही साधा फुल एचडी असेल, तर ही चिंता नाही. दोन-तीन मीटरसाठी महागड्या केबलचीही गरज नसते.

रॅम आणि साठवण

रॅम ८ जीबी पुरे. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून २५६ जीबीची एसएसडी आणि संग्रहासाठी वेगळी हार्ड डिस्क ही जोडी किफायतशीर ठरते. चांगल्या प्रतीचा दोन तासांचा चित्रपट साधारण ७ जीबी जागा घेतो. एका टीबीत असे सव्वाशेहून अधिक मावतात. मिनी डीव्ही कॅसेटचे मूळ चित्रण मात्र तासाला सुमारे १३ जीबी खाते.

इथे काटकसर करू नये अशी एक गोष्ट आहे: दुसरी हार्ड डिस्क. डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. सिनेमा पुन्हा मिळेल, पण आजोबांचा आवाज पुन्हा मिळणार नाही. घरगुती चित्रणाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवावी. ग्राफिक्स कार्डाचे वाचलेले पैसे इथे कामी येतात.

आवाज, धूळ आणि विजेचे बिल

सिनेमातल्या हळव्या प्रसंगी पंख्याची घरघर ऐकू आली की रसभंग होतो. मोठा, सावकाश फिरणारा पंखा लहान पंख्यापेक्षा शांत असतो. यंत्र काचेच्या बंद शोकेसमध्ये कोंडू नये. वर्षातून दोनदा धूळ काढावी. नाव-गाव नसलेला वीजपुरवठ्याचा डबा घेऊ नये.

विजेचा हिशेबही करावा. रोज सहा तास चालणारे यंत्र ६० वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे १३१ युनिट होतात. १० वॅटचे यंत्र २२ युनिटांत भागवते.

घरात जुना स्टिरिओ असेल, तर नवा साउंडबार लगेच घेऊ नये. संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून एक साधी केबल स्टिरिओला जोडली की झाले.

आजींना जमले पाहिजे

कोडी हा मोफत प्रोग्राम रिमोटने चालवता येईल अशी मोठ्या अक्षरांची यादी दाखवतो. २०१४ पर्यंत त्याचे नाव एक्सबीएमसी होते. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११साठी इंटेलची अधिकृत यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. सातव्या पिढीचे यंत्र घेतले, तर त्यावर कोडीसाठीच बनवलेली लिबरेलेक ही मोफत प्रणाली घालता येते.

सोबत टचपॅड असलेला छोटा वायरलेस कीबोर्ड किंवा साधा रिमोट घ्यावा. फायलींना आधी साल, मग प्रसंग अशी नावे द्यावीत: ‘१९९४ मावशीचे लग्न’. एका रविवारी सगळ्यांनी मिळून हे काम केले, तर कोण कुठल्या चित्रात आहे हेही थोरांकडून लिहून घेता येते.

यंत्र तयार झाले की ते घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या हाती द्यावे. त्यांना कुणाला हाक न मारता हवा तो सोहळा लावता आला, तर निवड अचूक झाली असे खुशाल समजावे.