न्हाणीघरातील दिवा : जोडणी सुरक्षित कशी करावी?

विहिरीवरील स्टार्टर उघडून फ्यूज घालणे, मोटार उलटी फिरू लागली की फेजची अदलाबदल करणे ही कामे अनेक शेतकरी सवयीने स्वतःच करतात. त्यामुळे घरामागे नवीन न्हाणीघर बांधले की ओसरीतून एक वायर ओढून, पत्र्याखालच्या वाशाला होल्डर टांगणे हे त्यांना किरकोळ काम वाटते. दिवा लागतोही. परंतु न्हाणीघरात माणूस अनवाणी, ओल्या अंगाने आणि ओल्या जमिनीवर उभा असतो. घरातील इतर कोणत्याही खोलीत चालून जाणारी चूक येथे जिवावर बेतते. म्हणून या लहानशा कामाची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे आवश्यक आहे.

ओल्या अंगाला धोका अधिक का?

घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. कोरडी कातडी विजेला बराच विरोध करते. अंग ओले झाले की हा विरोध सुमारे १,००० ओहमपर्यंत खाली येतो. २३० ला १,००० ने भागले असता शरीरातून जाणारा प्रवाह ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर येतो. सुमारे १० मिलिअँपिअरपासून हाताचे स्नायू आखडू लागतात व धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण टिकला तरी श्वास व हृदय बंद पडण्याचा धोका असतो.

‘दिवा तर ९ वॅटचा, त्याचा झटका कितीसा लागणार?’ असे काही जण म्हणतात. हा समज चुकीचा आहे. झटका दिव्याच्या वॅटवर अवलंबून नसतो. वायरीला हात लागला की प्रवाह दिव्यातून न जाता शरीरातून जमिनीत जातो.

फ्यूज आपल्याला वाचवील हाही तसाच गैरसमज आहे. दिव्याच्या फेजवरील ५ अँपिअरचा फ्यूज ५,००० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह निमूटपणे जाऊ देतो. वायर जळू नये म्हणून फ्यूज असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे.

कोणते काम स्वतः करावे?

दिवा, फ्यूज, बटण किंवा होल्डर जुन्याच्या जागी त्याच क्षमतेचा नवीन बसविणे हे घरच्या माणसाने केले तरी चालते. नवीन वायरिंग टाकणे किंवा असलेले वाढविणे हे काम मात्र नियमानुसार परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते. तरीही पुढील गोष्टी स्वतः समजून घ्याव्यात, म्हणजे वायरमनकडून काम नीट करून घेता येईल.

जागा व साहित्य

१) दिव्याचे बटण न्हाणीघराच्या बाहेर, दाराजवळ बसवावे. ओल्या हाताने बटण दाबू नये.

२) दिवा जमिनीपासून किमान सव्वादोन मीटर, म्हणजे सुमारे साडेसात फूट उंचीवर घ्यावा. नळ किंवा शॉवरच्या वर घेऊ नये.

३) उघडा होल्डर टांगू नये. काचेचे झाकण व रबरी वायसर असलेला, पाणी आत न शिरणारा बंद दिवा वापरावा. प्लॅस्टिकचे आवरण असल्यास उत्तम.

४) वायर आय.एस.आय. चिन्हाची, तांब्याची व १.५ चौरस मिलिमीटर जाडीची घ्यावी. फेजसाठी लाल, न्यूट्रलसाठी काळी व अर्थिंगसाठी हिरवी वायर ठेवावी. रंग पाळल्यास पुढे दुरुस्ती करणाऱ्याची फसगत होत नाही.

५) वायर पीव्हीसी पाइपमधून न्यावी. ती पत्र्यावरून किंवा खिळ्याला अडकवून नेऊ नये. वाऱ्याने पत्रा हलतो, त्याच्या कडेने वायरीचे आवरण कापले जाते आणि सगळ्या पत्र्यात वीज उतरते. त्याच पत्र्याला कपडे वाळविण्याची तार बांधलेली असेल तर धोका अंगणापर्यंत पोहोचतो.

६) मध्येच जोड देऊ नये. चिकटपट्टी ओलाव्याने सुटते. जोड टाळता येत नसेल तर तो न्हाणीघराबाहेर, बंद डबीत, कनेक्टर वापरून द्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी

मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा आणि घरातील सर्वांना सांगून ठेवावे. इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा, कारण मेन स्विच बंद असतानाही दिव्याच्या वायरीत त्याची वीज येत राहते. भारनियमनात वीज गेलेली असताना ‘तेवढ्यात उरकून घेऊ’ असे करू नये. ती केव्हाही येते.

वीज बंद करण्यापूर्वी टेस्टर चालू जागेवर लावून तो पेटतो याची खात्री करावी. मग वीज बंद करून कामाच्या जागी तो लावावा. बिघडलेला टेस्टर चालू वायरीवरही पेटत नाही, म्हणून ही दुहेरी तपासणी. हात व पाय कोरडे ठेवावेत, पायात चप्पल असावी व कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहावे.

जोडणीचा क्रम

लाल वायर प्रथम बटणावर आणावी व बटणातून होल्डरला न्यावी. काळी वायर बटणात न घेता सरळ होल्डरला जोडावी. बटण न्यूट्रलवर बसविले तरी दिवा लागतो व विझतो, परंतु विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये वीज तशीच राहते. दिवा बदलताना होणाऱ्या अनेक अपघातांचे मूळ या चुकीत असते.

दिव्याचे आवरण धातूचे असल्यास हिरवी वायर त्याच्या अर्थिंगच्या स्क्रूला घट्ट जोडावी. वायर दिव्यात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी आत न जाता तेथूनच ठिबकते.

काम झाल्यावर वीज सुरू करून बटण बंद ठेवावे व होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावून पाहावा. तो पेटल्यास जोडणी उलटी आहे असे समजावे व लगेच दुरुस्त करून घ्यावी.

आरसीसीबी व अर्थिंग

घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी अवश्य बसवून घ्यावे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, हे उपकरण सतत पाहते. शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून प्रवाह जमिनीत गेला की ते क्षणार्धात वीज तोडते. दिव्याची फेज व न्यूट्रल दोन्ही याच आरसीसीबीतून आणावीत. न्यूट्रल दुसरीकडून घेतल्यास ते विनाकारण पडत राहते. ते वारंवार पडते म्हणून काढून टाकू नये. गळती कोठे आहे ते शोधावे. त्यावरील तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र फेज व न्यूट्रल एकाच वेळी दोन हातांत आल्यास आरसीसीबीही वाचवू शकत नाही, हे लक्षात ठेवावे. जादा भारासाठी त्यासोबत एमसीबी लागतेच. दिव्यांसाठी ती ६ अँपिअरची पुरते.

अर्थिंगसाठी किमान अडीच मीटर लांबीचा पाइप जमिनीत पुरलेला असावा व उन्हाळ्यात तेथे पाणी घालावे. नळाच्या पाइपला किंवा न्यूट्रलला अर्थिंग जोडणे घातक आहे.

झटका बसल्यास

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करावी. श्वास बंद असल्यास छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा व मदत येईपर्यंत थांबू नये. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

न्हाणीघरात सकाळी अंधारात सर्वांत आधी जातात त्या घरातील स्त्रिया, आणि शाळेच्या घाईत मुले. लोंबकळणारा होल्डर किंवा जोडाजोडीची वायर असेल, तर पावसाळ्यापूर्वी एक दिवस काढून ती बदलून घ्यावी.