विश्लेषण : ‘एल्स’ नेमका कोणत्या ‘इफ’चा? कोडच्या व्याकरणातले एक जुने कोडे

‘पाऊस थांबला तर, रिक्षा मिळाली तर घरी ये, नाहीतर फोन कर.’ आता पाऊस थांबलाच नाही, तर फोन करायचा की नाही? माणूस अंदाजाने करेल. पण हेच वाक्य सी भाषेत लिहिले, तर कम्प्युटर फोन न करता गप्प बसेल.

दोन ‘इफ’ आणि शेवटी एकच ‘एल्स’ आला, की तो कोणाचा, या प्रश्नाला ‘डँगलिंग एल्स’ म्हणतात. म्हणजे लोंबकळणारा एल्स.

नियम काय सांगतो?

१९६० च्या ‘अल्गोल ६०’ भाषेत ‘देन’नंतर थेट दुसरा ‘इफ’ लिहायलाच मनाई होती; तो ‘बिगिन’ आणि ‘एंड’मध्ये बांधावा लागे. सी भाषेच्या मानकाने मात्र एका वाक्यात निकाल दिला : ‘एल्स’ जवळच्या ‘इफ’चा. वरच्या उदाहरणात ‘नाहीतर’ रिक्षाला चिकटतो, पावसाला नाही, तो यामुळेच. जावाने हाच अर्थ व्याकरणाच्या सूत्रांतच बसवला. पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकवली आहे, यावरून संबंध ठरतो.

सीमध्ये ओळ कितीही आत सरकवा, कम्पायलर त्याकडे पाहत नाही. महिरपी कंस नसेल, तर ‘इफ’च्या ताब्यात फक्त पुढचे एक विधान. नवशिक्यांचा घोळ होतो तो इथेच. आणि फक्त नवशिक्यांचाच नाही.

ॲपलची ती एक ओळ

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या कोडमधली ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा लिहिली गेल्याचे समोर आले. कंस नव्हता. दुसरी ओळ दिसायला ‘इफ’च्या आत, पण नियमानुसार बाहेर. त्यामुळे ती प्रत्येक वेळी चालायची, वेबसाइटची डिजिटल सही तपासण्याचा टप्पा वगळला जायचा आणि उत्तर यायचे, ‘सर्व ठीक’! सार्वजनिक वायफायवर बसलेला एखादा भामटा खरी वेबसाइट असल्याचे भासवू शकला असता. आयओएस ७.०.६ या अपडेटने आयफोनवरील ही चूक दुरुस्त झाली.

त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने जाहीर केलेल्या स्विफ्ट भाषेत ‘इफ’नंतर कंस सक्तीचा आहे. अर्थात स्विफ्टचे काम आधीपासूनच सुरू होते, त्यामुळे श्रेय या चुकीला देता येणार नाही. सीचा नियम आजही तोच आहे. फक्त २०१६ पासून जीसीसी कम्पायलरमध्ये नेहमीच्या इशाऱ्यांचा पर्याय चालू ठेवला, तर ओळीची अशी फसवी मांडणी दिसताच तो इशारा देतो.