शॉर्ट ड्रेस घ्यायचाय? आधी टेप, मग आरसा

हेडफोन घरी विसरलेल्या आणि नागपूरच्या गाडीत उभं राहून वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय आहे शॉर्ट ड्रेस. म्हणजे गुडघ्याच्या थोडा वर किंवा थोडा खाली संपणारा, एकसंध ड्रेस.

वर्ध्यात हा विषय काढला की दोन प्रश्न लगेच येतात. ‘मला शोभेल का?’ आणि ‘लोक काय म्हणतील?’ पहिल्याचं उत्तर मापात आहे, दुसऱ्याचं जागेत आणि वेळेत. दोन्ही सुटणारे आहेत, म्हणूनच मी यावर बोलतेय. कारण होतं काय, ड्रेस बसला नाही की पोरी ट्रायल रूममधून स्वतःच्या पोटाला, मांड्यांना नावं ठेवत बाहेर पडतात. अरे, तयार कपडा एका ठरावीक मापाच्या पुतळ्यावर शिवलेला असतो. तो तुम्हाला बसला नाही, तर कमी कपड्यात आहे.

कुठे संपतो, ते आधी ठरवा

इंटरनेटवर शरीराला सफरचंद, नासपती अशी फळांची नावं देतात. मला ते पटत नाही. आपण काय बाजारात मांडलेलो आहोत का? त्यापेक्षा तीन जागा बघा: खांदा, कंबर आणि खालची कड.

कडेपासून सुरू करू. कपडा जिथे संपतो तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. मांडीच्या किंवा पोटरीच्या सगळ्यात रुंद जागी कड आली, की पाय आहे त्यापेक्षा जाड दिसतो. गुडघ्याच्या जरा वर, गुडघ्याच्या लगेच खाली आणि पोटरी संपते तिथे पाय बारीक असतो. एक ओढणी घ्या, कमरेभोवती धरा आणि आरशासमोर वर-खाली करून बघा. कुठे छान वाटतंय ते दोन मिनिटांत कळतं. मग खांद्यापासून त्या जागेपर्यंत टेप लावा आणि आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. समजा ३७ इंच आला. आता ऑनलाइन ड्रेसची लांबी खांद्यापासून ३३ इंच दिली असेल, तर फोटो कितीही भारी असो, तो तुमचा नाही.

तुमची बांधणी, तुमचा कट

कंबरेखालचा भाग भरलेला असेल, तर ए-लाइन घ्या. वर अंगाबरोबर आणि खाली हळूहळू रुंद होत जाणारा हा कट. ख्रिश्चन डिओरने १९५५ मध्ये हे नाव चालवलं आणि तेव्हापासून तो गेलेला नाही, कारण तो मांड्यांना चिकटत नाही. गळ्याशी किंवा बाहीला भरतकाम, छपाई असली तर नजर वर राहते.

पोट पुढे असेल, तर कंबरेवर घट्ट बेल्ट नको. छातीच्या लगेच खाली शिवण आणि तिथून सुटणारा घेर चांगला दिसतो. पण त्या शिवणीत खूप चुण्या घालू नका, उगाच फुगारा येतो.

खांदे रुंद किंवा छाती भरलेली असेल, तर व्ही गळा आणि साधी बाही. फुग्याची बाही टाळा. एकावर एक पदर येऊन बाजूला बांधायचा रॅप ड्रेस, जो डायन फॉन फर्स्टेनबर्गने १९७४ मध्ये लोकप्रिय केला, तोही इथे छान बसतो. फक्त आतल्या बाजूने एक टिच बटण लावून घ्या, वारा सुटला की उपयोगी पडतं.

अंग सडपातळ आणि सरळ असेल, तर कंबरेवर शिवण, खाली प्लीट्स, मोठे खिसे, सगळं चालतं. उंची कमी असेल तर वरपासून खालपर्यंत एकच रंग घ्या आणि कंबरेची शिवण अर्धा-एक इंच वर घ्यायला सांगा. पाय लांब वाटतात.

साइज निवडताना खांदा आणि छातीच्या मापावर निवडा. कंबर आत घेता येते, कड वर घेता येते. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवावी लागते. तो खर्च आणि डोकेदुखी कशाला? न ताणणाऱ्या कापडात छातीच्या मापापेक्षा दोन ते चार इंच सैल हवंच, नाहीतर श्वास कुठून घ्याल?

कापड आपल्याच जिल्ह्यातलं

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. त्यात अस्तराचा पॉलिएस्टर ड्रेस म्हणजे अंगावर प्लास्टिकची पिशवी. आणि आपण राहतो कुठे? कापसाच्या जिल्ह्यात! १९३८ मध्ये सुरू झालेलं मगन संग्रहालय वर्ध्यातच आहे आणि तिथे नैसर्गिक रंगांच्या खादीचं काम चालतं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात तर १९६९ पासून खादीची परंपरा आहे. खादी म्हणजे फक्त आजोबांचा सदरा, हे डोक्यातून काढा.

खादीला सुरुवातीला थोडा ताठपणा असतो. म्हणून ती अंगाला चिकटत नाही आणि ए-लाइनला झकास आकार देते. धुता-धुता मऊ होते. पण दोन गोष्टी पाळा. शिवायला देण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, कारण ते आटतं. आधी शिवलं आणि मग आटलं, तर गुडघ्याखालचा ड्रेस गुडघ्यावर येतो. दुसरं, फिक्या रंगाला सुती अस्तर लावा. कापड उजेडासमोर धरा, मागचा हात दिसला तर अस्तर हवंच.

कुठे काय?

कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा वाढदिवसाला गुडघ्यावरचा ड्रेस, गडद रंग, सपाट चप्पल. इंटरव्ह्यूला गुडघा झाकणारा, साध्या गळ्याचा. साखरपुड्याला जायचंय आणि मावश्या-काकवा असणार? ब्रोकेड किंवा चंदेरीचा गुडघ्याखालचा ड्रेस, जमलं तर खाली लेगिंग्स. पवनारच्या आश्रमात किंवा गीताई मंदिरात जाताना लांब बाही आणि पूर्ण पाय झाकणारं काहीतरी. ही भीती नव्हे, त्या जागेची शांतता आहे. गरब्याला घेर भरपूर आणि आत सायकलिंग शॉर्ट्स. म्हणजे फेरा घेताना लक्ष टाळीवर राहतं, ड्रेसवर नाही.

घ्यायच्या आधी तीन चाचण्या करा. खुर्चीवर बसा. दोन्ही हात वर करा. आणि जमत असेल तर गाडीवर बसून बघा. आपण स्कूटीवर फिरणाऱ्या मुली आहोत, उभं राहून काढलेला फोटो काय कामाचा? हात वर केल्यावर अख्खा ड्रेस वर ओढला गेला, तर मुंढा फार खाली कापलाय असं समजा.

टेलरकडे जाताना ‘फोटोतल्यासारखा शिवा’ एवढंच म्हणू नका. लिहून ठेवलेली लांबी सांगा. शिवणीत आणि खालच्या कडेला दाब जास्त ठेवायला सांगा, पुढे सैल करता येतं. आणि खिसे सांगाच, बाप्पा! मोबाईल ठेवायचा कुठे?

आणि लोक?

अंगावर कपडा किती, हा प्रश्न या गावाला नवा नाही. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला, १९३१ मध्ये त्याच वेषात ते बकिंगहॅम पॅलेसमध्ये गेले आणि पुढे आपल्या सेवाग्रामला राहिले. त्यांचं कारण गरिबांशी नातं जोडण्याचं होतं, आपल्या ड्रेसची त्याच्याशी बरोबरी नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे: का घातलंय हे स्वतःला माहीत असलं, की माणूस सारखी कड ओढत बसत नाही.

घरी विरोध असेल तर भांडणाने सुरुवात नको. पहिला ड्रेस गुडघ्याखालचा शिवा, आईला कापड निवडायला सोबत न्या. बऱ्याच आयांना कापडाचं आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि तुम्हालाच आत अवघडल्यासारखं वाटत असेल, तर नका घालू. शॉर्ट ड्रेस घातला म्हणजेच मॉडर्न, असंही काही नाही.

चला, टेप शोधा. नसेल तर शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये नक्की असेल. खांद्यापासून कडेपर्यंतचा तो एक आकडा आज लिहून ठेवा, पुढची प्रत्येक खरेदी सोपी होईल. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि उन्हात निघताना दुपट्टा बांधा!